इचारलं काय अन् पायजे काय

शामराव आबांना किती वाजले म्हणून विचारलं, तर ते वेळ कधीच सांगत नसत. मनगटावर घड्याळ असे, तेही चालू. पण घड्याळाकडे न बघता ते तुमच्या तोंडाकडे बघत आणि म्हणत, "कुणाची वाट बघायलाय?" पोस्ट कुठं आहे असं रस्त्यात कुणी विचारलं की, "राखी धाडायची व्हय? आता न्हाई पोचायची. सरळ फोन करा." आमच्या जिन्याखाली एकदा एका गृहस्थानं औषधाचं दुकान विचारलं. आबांनी त्याला हाताला धरून बाकावर बसवलं, पाणी पाजलं आणि त्याच्या बायकोचा ताप, खोकला, माहेरचं गाव असं सगळं काढून घेतलं. दुकान समोरच होतं. त्या गृहस्थानं मान वर केली असती तर पाटी दिसली असती.

"माणूस इचारतंय एक, अन् त्याला पायजे असतंय दुसरंच," हे आबांचं आवडतं वाक्य. दिवसातून कितीदा तरी ते ऐकावं लागे. त्यांची सबंध नोकरी साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत गेली होती. काचेला पाडलेल्या गोल भोकातून जग त्यांना विचारत आलं आणि ते गाडीची वेळ आणि फलाटाचा नंबर सांगत आले. जास्तीचा शब्द नाही. रांगेतल्या लोकांना वाटे, आत माणूस नाही, टेप लावलीय. निवृत्त झाल्यावर मात्र हा असा उलटा पाट वाहू लागला होता, आणि त्याच्या तोंडाशी नेमका मी राहत होतो.

मी पोवई नाक्याजवळ एका माडीवर कॉम्प्युटर क्लास चालवत होतो. चालवत म्हणजे ढकलत होतो. त्याच इमारतीच्या मागच्या अंगाला आबा आणि काकू राहत. क्लासात इंटरनेटचं कनेक्शन घेतलं त्या आठवड्यात आबा वर आले, मोडेमचं ते किंचाळणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, ह्यात माणूस काय इचारतंय ते मागं ऱ्हातंय का हो?"

मी म्हटलं, ठेवलं तर राहतं. वेबसाईट काढायची, तिच्यात शोधायचा एक चौकोन ठेवायचा. येणारा माणूस त्यात शब्द टाकणार, आणि कुणी काय टाकलं ते रोज आपल्याला उतरवून घेता येणार. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी गत होणार हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

"माझ्या खिडकीत काय ऱ्हात नव्हतं बघा," आबा म्हणाले. "इचारलं की हवंत गेलं."

साईट कुणासाठी काढायची, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. आबांचं मूळ गाव विट्याच्या बाजूचं. त्या भागातली माणसं देशभर पसरलेली आहेत. कुठल्याही शहरातल्या सराफांच्या बोळात जा, तिथं भट्टी लावून सोनंचांदी गाळून देणारा एखादा गलाईवाला विट्याकडचा निघतोच. या माणसांना गावाकडचं काय हवं असतं, ते त्यांना साईटवर मिळावं, असं आबा सगळ्यांना सांगत. खरं कारण काकूंनी मला एकदा चहा देताना सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी, शालन, अशाच एका गलाईवाल्याला दिली होती. दुकान लांब बिहारात. कैक वर्षांत ती माहेरी आलेली नव्हती. दिवाळीला फोन यायचा, त्यात "बरं हाय" एवढंच असायचं. जावयानं दुकानात कॉम्प्युटर घेतल्याचं कुणीतरी आबांना सांगितलं होतं, आणि शालन बारावी झालेली, टायपिंग शिकलेली.

"तवापास्नं घेतलंय डोक्यात," काकू म्हणाल्या. "फोनवर बोलत न्हाई, तर तितं तरी कायतरी इचारील म्हंत्यात."

मग त्यांनी मला पुढचं सांगितलं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. सासर अजून विट्यालाच होतं, तिथून शालन एकटीच साताऱ्याला आली. स्टँडवर उतरली, पण घरी आली नाही. सरळ चौकशीच्या रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर तिनं बापाला विचारलं, "विट्याची गाडी कवा हाय?" मागं रांग लागलेली, यात्रेचे दिवस. आबांनी वर बघितलं, लेक दिसली, आणि सवयीनं तोंडातून वेळ आणि फलाट बाहेर पडला. ती बरं म्हणाली आणि त्या गाडीनं माघारी गेली. रात्री जेवताना आबा म्हणाले, "आज शालन आल्ती खिडकीत." काकूंच्या हातातली भाकरी तव्यावरच जळली. पुढच्या महिन्यात जावयानं बिऱ्हाड बिहारला हलवलं.

हे ऐकल्यावर साईटचे पैसे मागायची माझी छाती झाली नाही.

नव्याण्णव सालच्या सुरुवातीला साईट उभी राहिली. मराठी अक्षरं दिसायला आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे आणि त्यात चहा थंड होई. शोधणारे इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहीत. रोज सकाळी मी शब्दांची यादी छापायचो, आबा चष्मा लावून बसायचे आणि मग त्या एकेका शब्दामागचा माणूस शोधणं सुरू व्हायचं. 'विटा पुणे बस.' "ह्याचा बा आजारी हाय." आबा, कशावरून? "आवं, सुट्टी न्हाई, सण न्हाई, अन् गाडी इचारतंय!" 'सोन्याचा भाव.' "ह्यो घरच्यांनी दुकानात बसवलेला नवा गडी हाय. मालकाला इचारायला भेतोय." बरोबर की चूक हे तपासायची सोय नव्हती, त्यामुळं आबा कधीच चुकत नसत.

रोज कुणी ना कुणी 'मुलगी फोटो' असं शोधायचं. ही मंडळी शहरातल्या सायबर कॅफेत पडद्याआड बसून काय हुडकत होती ते मला पुरतं कळत होतं, पण वडिलांच्या वयाच्या माणसाला ते सांगायचं कसं? आबांना गहिवरून आलं. "लगीन जमंना झालंय बघा बिचाऱ्यांचं. परमुलखात पोरगी कोन देनार?" त्यांनी माझ्याकडून साईटवर एक सूचना चढवून घेतली: 'मुलीचा फोटो वडिलांच्या परवानगीशिवाय मिळणार नाही. थोरल्या माणसाला घेऊन समक्ष यावे, चहा-पोहे घेऊन पाहावे.' तो शोध एकदम थांबला. आबांना वाटलं, सगळ्यांची लग्नं जमली.

यात्रेचा घोळ याहून मोठा. 'यात्रा' हा शब्द सारखा यायला लागला. आम्ही आबांच्या गावच्या यात्रेची तारीख टाकली. तरी लोक शोधतच राहिले. आबांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "तारीख त्यास्नी पाठ हाय. यंदा कोन कोन येनार, ते पायजे." मग त्यांनी गावोगाव फोन लावून यंदा कुठलं घराणं कुठून येणार त्याची माहिती जमवली आणि मी ती साईटवर चढवली. आबांचा अंदाज अगदी बरोबर निघाला. लोकांना खरोखर तेच हवं होतं. थोरला येतोय म्हटल्यावर धाकट्यानं तिकीट रद्द केलं, धाकट्याची बायको येतेय म्हटल्यावर थोरलीनं अंग काढून घेतलं, आणि बांधावरून भांडणं असलेल्या निम्म्या भावक्या आपापल्या शहरातच बसल्या. त्या वर्षी पालखीला खांदा द्यायला माणसं कमी पडली. यात्रा कमिटीचे लोक जीप करून माझ्या क्लासवर आले. आबांनी त्यांनाही विचारलं, "त्ये झालं, पन तुमाला पायजे काय?" त्यावर जे उत्तर मिळालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि मग 'काही सापडले नाही'चं प्रकरण. शोधलेला शब्द आमच्या साईटवर नसला की पडद्यावर तेवढं एक वाक्य येई. जगभर तसंच येतं. आबांनी ते पहिल्यांदा बघितलं आणि पाय भाजल्यासारखे खुर्चीतून उठले.

"मास्तर, हे असं तोंडावर 'न्हाई' म्हंत्यात व्हय?"

आमच्याकडं दारावर आलेल्याला नाही म्हणत नाहीत, हे खरं. बांगडी फुटली तरी ती वाढली म्हणायचं, दुकान बंद करायचं तरी ते वाढवायचं. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली आणि डबा रिकामा असला, तर आधी तिला "बस की" म्हणायचं आणि डब्याची गोष्ट मग हळूच काढायची. आबांनी ते वाक्य बदलायला लावलं. पुष्कळ खाडाखोड होऊन मजकूर ठरला तो असा: 'तुम्ही विचारलेलं पोचलं. चौकशी करतो. तोवर जेवून घ्या.' कॉम्प्युटरवाल्या माझ्या मित्रांनी हे वाचून मला पोटभर हसून घेतलं. मीही हसलो.

पण चौकशी करतो म्हणजे आबा खरोखरच करत. जूनमध्ये रोज 'पाऊस पडला का' यायला लागलं. आबांनी कवठे महांकाळपासून विट्यापर्यंत ओळखीच्या कंडक्टरांना कामाला लावलं. येणाऱ्या प्रत्येक गाडीचा कंडक्टर आबांना पावसाची बातमी देई, आणि आबा धापा टाकत जिना चढून ती मला देत. बातमी बहुतेक एकच असे. पडला नाही. तेवढे दोनच शब्द मी चढवायचो. तरी लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारत.  लोकांना काय हवंय हे इतकं लख्ख कळूनसुद्धा द्यायला हातात काहीच नसणं किती वाईट असतं, ते मला त्या महिन्यात कळलं. माझा हसण्याचा सूर तिथंच खाली आला.

या सगळ्यात आबा रोज हुडकत होते ती एकच गोष्ट. यादी हातात आली की आधी ते ती वरपासून खालपर्यंत नुसती नजरेखालून घालत. "बाईमानसाचं इचारनं येगळं असतंय," म्हणत. बाईमाणसाचं काही येत नसे. संक्रांतीच्या आसपास, साईट नवी असतानाच, एकदा यादीत 'भोगीची भाजी' आलं होतं. आबांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "मास्तर, ही शालन." ते जिना उतरून घरी गेले ते काकूंना घेऊनच आले. काकू पहिल्यांदा क्लासात आल्या, चपला बाहेर काढून. तीळ किती भाजायचे, हरभरा कवा टाकायचा, शालनला वांगं कसं लागतं, सगळं त्यांनी सांगितलं आणि मी टाईप केलं. 'शालनला' एवढा शब्द मी गाळला. दोन दिवसांनी ईमेल आला. लखनौच्या एका गलाई दुकानातल्या पाच गड्यांनी मिळून ती भाजी केली होती आणि आईची आठवण आली म्हणून काकूंना नमस्कार सांगितला होता. मी तो वाचून दाखवला. "बरं झालं की. पोरं जेवली," काकू म्हणाल्या, आणि पदरानं उगाच की-बोर्ड पुसून खाली गेल्या. 

पाऊस संपता संपता शालन खरंच आली. चुलत दिराच्या घरचं काहीतरी कार्य होतं, जावई विट्याला थांबला आणि तिला थोडे दिवस माहेरी सोडलं. आबा आठवडाभर आधीपासून वेडे झाले होते. ज्या माणसानं साऱ्या मुलखाच्या मनातलं ओळखलं, त्याची लेक घरात येणार होती. आता ती बोलेल, काही मागेल, किमान भांडेल तरी, अशी त्यांची खात्री होती. माझीही होती.

शालन आली, राहिली, आणि तिनं काही म्हणजे काही विचारलं नाही. चहा हवा का? "चालंल." झोप लागली का? "लागली की." बिहारात कसं वाटतं? "बरं हाय." विचारायच्या आतच तिचं "बरं हाय" तयार असे. अंगानं ती निम्मी झाली होती. काकू दिवसभर तिच्याभोवती फिरत आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत. आबा तिच्यासमोर बसत आणि उठत. परक्या गृहस्थाच्या बायकोचं माहेर काढून घेणाऱ्या आबांना स्वतःच्या लेकीला याहून पुढं काय विचारावं हे येतच नव्हतं. हे सगळं मला क्लासच्या मागच्या खिडकीतून दिसत होतं.

जायच्या आदल्या दिवशी आबा तिला क्लासात घेऊन आले. मुलं घरी गेली होती. त्यांनी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं, साईट उघडायला लावली, आणि तो शोधायचा चौकोन बोटानं दाखवला. तिनं ही साईट कधी बघितली नव्हती. दुकानातल्या कॉम्प्युटरला बायकांनी हात लावायचा नसतो, असं ती सहज बोलून गेली.

"इचार की कायतरी," आबा म्हणाले.

"काय इचारू आबा?"

"काय पायजे ते. हितं कायबी इचारता येतंय. कोन बघत न्हाई."

ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. चौकोनात कर्सरची रेघ लुकलुकत होती. मी उगाच टेबल आवरल्यासारखं करत होतो. आबा पुढं वाकले. "कायबी," ते पुन्हा म्हणाले, "बारकंसारकं का असंना."

शालननं बापाकडं बघितलं. त्यांचं मन मोडू नये म्हणून तिनं हात वर घेतला आणि एकेक अक्षर शोधत टाईप केलं: 'सातारा.' साईटच्या प्रत्येक पानावर असलेला, म्हणून सगळंच्या सगळं समोर आणणारा तो शब्द. धडाधड यादी उतरली. गाड्या, यात्रा, पाऊस, भाजी.

"लय छान केलंय आबा," ती म्हणाली. "समदं हाय की ह्यात."

दुसऱ्या दिवशी ती गेली.

त्यानंतर आबा वर आले ते तीन-चार दिवसांनी. मी यादी छापून ठेवली होती, ती पुढं केली. त्यांनी घेतली नाही.

"मास्तर, ह्यात निस्ती इचारनारी मानसं हायती," ते म्हणाले. "ज्यास्नी अजून वाटतंय की इचारलं तर मिळंल, ती. ज्यांनी इचारायचंच सोडून दिलं, त्यांची यादी कुठल्या मशीनमधनं निघतिया?"

 मी यादी परत टेबलावर ठेवली.

"म्या शिकवलं तिला त्ये," आबा म्हणाले. "त्या खिडकीत एकदाच इचारलं तिनं. तवाच ती शिकली."

मी म्हटलं, आबा, रांग होती मागं, तुम्ही तरी काय करणार. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "लिवून घ्या. पहिल्या पानावर घालायचं. शोधून न्हाई, येनाऱ्याला आदीच दिसंल असं. वरच्या अंगाला."

मी लिहून घेतलं. ते सांगत होते तसंच्या तसं, एक अक्षर न बदलता: 'माहेरवाशिणींनो, या घरला कवाबी या. का आलीस, किती दिस ऱ्हानार, त्यो कुठाय, असं हितं कुनीबी इचारनार न्हाई. दार उगडं हाय. पानी तापलेलं हाय.' खाली त्यांनी घराचा पत्ता घालायला लावला, जिना कुठल्या बाजूनं आहे त्यासकट.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आबा, तिथं कॉम्प्युटरला तिचा हात लागत नाही. ती हे वाचणार कशी?"

"न्हाईच वाचायची," आबा म्हणाले. "मला ठावं हाय त्ये."

मी पान चढवायला घेतलं. लाईन मंद होती. वेळ लागत होता. आबा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि पडद्यावर पत्ता नीट दिसतोय का, जिन्याची बाजू चुकली नाही ना, ते पुन्हा पुन्हा वाचून बघत राहिले.